मुलाला मुलगाच आवडू लागला तर...

या सदरात आपण सर्पदंशावर बोललो, फवारणीच्या विषबाधेवर बोललो, हळद पॉलिशच्या धुळीने होणाऱ्या खोकल्यावर बोललो. आजचा विषय त्या यादीत बसत नाही, कारण हा मुळी आजारच नाही. तरीही तो आरोग्याच्या सदरातच घ्यावा लागतो. या गोष्टीला आजार समजून घराघरांत जे उपचार चालतात, त्यांचे रुग्ण मात्र दवाखान्यात येतात.

मागच्या आठवड्यात दुपारच्या वेळी कोणीतरी दवाखान्याच्या दाराखालून एक चिठ्ठी आत सरकवून गेले. वहीचे रेघी पान, चार घड्या घातलेले. नाव नाही, गाव नाही. मजकूर मी जसाच्या तसा छापणार नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही मुद्दाम बदलले आहेत. लिहिणारा मुलगा अकरावी-बारावीच्या वयाचा. त्याला वर्गातला एक मित्र आवडतो. 'आवडतो' हा शब्द त्याने लिहून खोडला आहे आणि पुढे पुन्हा लिहिला आहे. मित्र कॉलेजला आला नाही की याला जेवण जात नाही. मित्राने दिलेल्या पेनाची शाई कधीच संपली, पण पेन दप्तरात आहे. परमेश्वराच्या जत्रेत दोघे आकाशपाळण्यात शेजारी बसले. पाळणा वर गेला तेव्हा मित्राने घाबरून याचा हात धरला. त्या रात्रीपासून याला झोप नाही. शेवटी दोन ओळी आहेत. यावर गोळी असेल तर तिचे नाव पेपरात छापा, मी मेडिकलवरून घेईन. आणि घरी कळले तर मी राहणार नाही.

राहणार नाही म्हणजे घरात की जगात, ते त्याने लिहिलेले नाही. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून उत्तर याच सदरातून देणे भाग आहे. ज्यांच्या घरात या वयाची मुले आहेत त्यांनीही ते वाचावे.

पहिली गोष्ट अशी की चिठ्ठीतली लक्षणे ओळखीची आहेत. भूक मोडणे, झोप उडणे, एका माणसाच्या चाहुलीने छाती धडधडणे, त्याची फालतू वस्तू जपून ठेवणे. सतरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या गल्लीतली मुलगी आवडू लागली तर नेमके हेच होते, आणि आपण गालातल्या गालात हसून सोडून देतो. वयात येताना मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा भाग पिट्युटरी ग्रंथीला जागे करतो, ती वृषणांना कामाला लावते, आणि टेस्टोस्टेरॉन रक्तात वाढते. आवाज फुटतो, मिसरूड येते, मुरुमे येतात आणि मनही कुठेतरी ओढ घेऊ लागते. ही ओढ बहुतेक मुलांना मुलींची लागते, काहींना मुलांची, काहींना दोघांची. प्रेमात पडण्याची यंत्रणा सगळ्यांची एकच. म्हणजे या मुलाच्या शरीरात काही बिघडलेले नाही. त्याचे शरीर वयाप्रमाणे अगदी वेळेवर चालले आहे.

येथे एक गैरसमज हमखास निघतो. 'पुरुषी हार्मोन कमी पडले असणार, इंजेक्शन द्या.' समलिंगी पुरुषांच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन इतर पुरुषांइतकेच असते. बाहेरून हार्मोन टोचले तर इच्छेचा जोर कमी-जास्त होईल, दिशा बदलणार नाही.

दुसरा गैरसमज याहून मोठा. असा मुलगा म्हणजे 'तृतीयपंथी होणार' असे लोकांना वाटते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण स्वतः पुरुष आहोत की स्त्री, ही मनाची जाणीव एक. आपल्याला ओढ कोणाची वाटते, ही दुसरी. तृतीयपंथी व्यक्तीचा प्रश्न पहिल्या जाणिवेचा असतो. जन्माच्या वेळी जे लिंग नोंदवले गेले ते तिला आपले वाटत नाही. चिठ्ठीतला मुलगा स्वतःला मुलगाच समजतो, मुलगाच राहणार आहे. त्याचे मन फक्त मुलात गुंतले आहे. मिशा ठेवणारे, कुस्ती खेळणारे, ट्रॅक्टर चालवणारे पुरुषही समलिंगी असतात. चालण्या-बोलण्यावरून यातले काहीही ओळखता येत नाही, तेव्हा एखाद्या नाजूक बोलणाऱ्या पोरावर वर्गाने शिक्का मारावा यात शहाणपणा नाही आणि माणुसकीही नाही.

आणि शब्दांचे काय? आपल्या भागात मराठी आहे, उर्दू आहे, तेलुगू आहे, तांड्यावर बंजारा बोली आहे. या सगळ्या भाषांत अशा मुलासाठी जे शब्द पारावर, शाळेच्या मैदानात, बसस्टँडवर कानी पडतात, त्या सगळ्या शिव्या आहेत. मी त्या इथे लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहेत. आता विचार करा. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून त्या शिव्या ऐकतो, कधी स्वतःही देतो. पंधराव्या वर्षी त्याच्या लक्षात येते की ती शिवी आपल्यालाच लागू आहे. स्वतःची पहिली ओळख शिवीतून व्हावी, यापेक्षा एकटेपणा कोणता? 'समलिंगी' हा साधा, स्वच्छ मराठी शब्द आहे. तो घरात, वर्गात, दवाखान्यात उच्चारला गेला पाहिजे.

असे का होते, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. वाईट संगत, आईचे लाड, वसतिगृह, मोबाईल, शहरी हवा अशी बरीच कारणे सांगितली जातात. शास्त्राने यातले एकही मान्य केलेले नाही. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे ४ लाख ७७ हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी वर्तनाचे असे एकच जनुक सापडले नाही. अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा आढळला, उरलेला भाग इतर घटकांचा. उंची एका जनुकाने ठरत नाही, तसेच हे. पण एवढे मात्र नक्की की ही ओढ कोणी ठरवून लावून घेत नाही आणि ठरवून सोडू शकत नाही. वाचकांपैकी ज्यांना मुली आवडल्या, त्यांनी तरी तो निर्णय कोणत्या तारखेला घेतला होता?

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. किशोरवयात जिवलग मित्राविषयी अशी ओढ काही मुलांना वाटते आणि पुढे ती ओसरते. काहींची आयुष्यभर तीच राहते. कोणाचे काय होणार हे सोळाव्या-सतराव्या वर्षी ना डॉक्टर सांगू शकतो, ना बाप. म्हणून 'तू असाच आहेस' असा शिक्का मारू नये, आणि 'हे सगळे खूळ आहे, जाईल' असे म्हणून झटकूही नये. त्याचे त्याला उमगू द्यावे. वेळ लागतो.

हा प्रश्न नवा नाही, आणि आरोग्यविषयक लिखाणात त्याचे उत्तर देणेही नवे नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवले. ते गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडत नाहीत म्हणून त्यांना नोकरीवर पाणी सोडावे लागले. त्यांच्या मासिकात वाचक प्रश्न पाठवत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. अशाच काही उत्तरांवरून, हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध या विषयांवरच्या, १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र कोणी घेतले होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, विकृती म्हणून तोंड दाबून चालणार नाही, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली. या विषयावरच्या त्या काळच्या संशोधनाचा आधारही त्यांनी दिला. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला, आणि त्या काळचे २०० रुपये म्हणजे थोडेथोडके नव्हेत. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' हा चित्रपट कर्व्यांवरच काढला. नव्वद वर्षांपूर्वी मराठी वाचक टपालाने जे विचारत होते, तेच आज माझ्या दाराखालून येते. मधल्या काळात उत्तर पुष्कळ पक्के झाले आहे.

ते कसे पक्के झाले? १९५० च्या दशकात अमेरिकेत एव्हलिन हूकर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी ३० समलिंगी आणि ३० इतर पुरुष घेतले. वय, शिक्षण, बुद्ध्यांक जुळवून जोड्या लावल्या. सगळ्यांच्या मानसिक चाचण्या केल्या आणि नावे काढून निकाल नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवले. यातला समलिंगी कोणता ते ओळखा, म्हणाल्या. तज्ज्ञांना ओळखता आले नाही. मनाच्या आरोग्यात फरकच नव्हता, तर ओळखणार कशावरून? हा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तसाच निर्णय घेतला. आपल्या इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असे जाहीर निवेदन काढले. म्हणजे चिठ्ठीतल्या मुलाने मागितलेली गोळी मेडिकलवर मिळणार नाही, कारण ती जगात कुठेच बनत नाही.

आता जे मिळते त्याविषयी.

रेल्वेच्या भिंतींवर आणि एस.टी. स्टँडच्या मुतारीत रंगवलेल्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. अमुक डॉक्टर, दर महिन्याच्या अमुक तारखेला अमुक लॉजवर, गुप्तरोग, हमखास इलाज. पाच-सहा वर्षांपूर्वी एका खेड्यातले शेतकरी गृहस्थ आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाच्या मोबाईलवर त्यांना एका मुलाशी झालेली बोलणी सापडली होती. "लेकराला कुणीतरी बिघडवलंय डॉक्टर साहेब, काय लागंल ते करा, दोन एकर विकतो." त्याआधी ते अशाच एका लॉजवाल्याकडे जाऊन आले होते. तिथे अठरा हजार रुपये घालवून पुड्यांचा कोर्स झाला होता. मुलाचा चेहरा सुजून गोल झाला होता. स्टेरॉइड मिसळलेल्या पुड्यांनी असे होते. मग गळ्यात ताईत, अमावास्येला एका ठिकाणी उतारा, दोन दिवस उपाशी कोंडून ठेवणे. मुलाची शिकायत अशक्तपणाची होती, त्याला सलाईन हवे होते. त्याच्याशी एकट्याने बोललो. पाऊण तास तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "मला बरं व्हायचंय, पण मला दुखत काहीच नाही."

असे उपचार करणारे सगळेच लॉजवर बसत नाहीत. पदवीधर माणसेही शॉक, इंजेक्शने, 'वळण लावणारे समुपदेशन' अशा गोष्टी करीत आली आहेत. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी अशा उपचारांवर बंदी घालण्याचे आदेश दिले. त्याच प्रकरणातून पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सर्व राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले की लैंगिक कल बदलण्याचा 'उपचार' करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन आहे. डॉक्टरने असे काही केले तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. लॉजवाला परिषदेचा सभासद नसतो. त्याच्यासाठी पोलीस स्टेशन आहे.

उपचाराच्या नावाखाली काय होऊ शकते याचे जगप्रसिद्ध उदाहरण अ‍ॅलन ट्युरिंग यांचे. आज ज्या संगणकावर हा पेपर जुळवला जातो त्या यंत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे गुप्त संदेश फोडण्यात त्यांचा मोठा वाटा. पण मला त्यांची शाळेतली गोष्ट अधिक जवळची वाटते, कारण ती आपल्या चिठ्ठीसारखी आहे. इंग्लंडमधल्या शेरबोर्न शाळेत हा बुजरा, गबाळा, गणितात गढलेला मुलगा ख्रिस्टोफर मॉरकॉम नावाच्या वरच्या वर्गातल्या मुलात जीव गुंतवून बसला. दोघे मिळून गणिते सोडवत, तारे बघत. ट्युरिंगने त्याला मनातले सांगितल्याची नोंद नाही. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्टोफर क्षयाने गेला. लहानपणी दूषित दूध पिण्यातून त्याला गाईंना होणारा क्षय जडला होता. (वाचकहो, दूध उकळूनच प्या, हे मी या सदरात पुन्हा एकदा सांगून घेतो.) ट्युरिंग तेव्हा १७ वर्षांचे होते. मित्राच्या आईला ते पुढे कितीतरी वर्षे पत्रे लिहीत राहिले, आणि त्याचे राहिलेले काम आपण करायचे या हट्टाने अभ्यासाला लागले. १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल ब्रिटनमध्ये त्यांना दोषी ठरवले. तुरुंग की हार्मोनची इंजेक्शने, असा पर्याय दिला. त्यांनी इंजेक्शने पत्करली. वर्षभर स्त्री-हार्मोन दिले गेले, त्यामुळे त्यांच्या छातीला उभारी आली. कल मात्र बदलला नाही. १९५४ मध्ये, ४१ व्या वर्षी, सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला, आणि चौकशीत आत्महत्या अशी नोंद झाली. २०१३ मध्ये राणीने त्यांना मरणोत्तर माफी दिली आणि २०२१ मध्ये त्यांचे चित्र ब्रिटनच्या ५० पौंडांच्या नोटेवर आले.

आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय 'उपचार' इंजेक्शनाचा नाही, तो हळदीचा आहे. 'लग्न करून द्या, होईल सरळ.' हे मला सर्वांत घातक वाटते, कारण यात दुसरे आयुष्य ओढले जाते. ती मुलगी कोणाचीतरी लेक असते. नवरा जवळ येत नाही म्हणून तीच स्वतःला दोष देते, तिच्याच तपासण्या होतात, वांझ म्हणून तिलाच बोल लागतो. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' ही संस्था काढली. सॉफ्टवेअरमधली नोकरी, लग्न आणि घटस्फोट या सगळ्यातून गेल्यावर त्यांनी स्वतःविषयी उघडपणे लिहिले. त्यांची 'पार्टनर' ही कादंबरी आणि 'इंद्रधनु' हे पुस्तक मराठीत आहे. पालकांनी आधी स्वतः वाचावे असे हे साहित्य आहे. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) तरुण वाचकाला जवळची वाटेल. पुण्याच्या एका घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात, अशी ती गोष्ट. आणि गावाकडचे चित्र पाहायचे तर रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट आहे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथाचित्रपट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा, लग्न का करत नाहीस म्हणून मागे लागलेले भाऊबंद, आणि सगळे ठाऊक असून त्याची पाठराखण करणारी अशिक्षित आई. त्या आईकडून शिकलेल्या आईबापांनीही शिकावे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी १८६० मध्ये केलेल्या दंडसंहितेचे कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दोन सज्ञान व्यक्तींच्या राजीखुशीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. समलिंगी विवाहाला मात्र कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो विषय संसदेवर सोडला. सज्ञान हा शब्द ध्यानात ठेवावा. अठरा वर्षांखालील मुलाशी किंवा मुलीशी शरीरसंबंध हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. प्रेम वाटणे हा कोणत्याही वयात गुन्हा नाही.

हे सगळे मुंबई-पुण्याचे, असे ज्यांना वाटते त्यांनी पैनगंगेच्या पलीकडे पाहावे. ३० डिसेंबर २०१७ रोजी, म्हणजे ३७७ कलम अजून जिवंत असताना, शेजारच्या यवतमाळ शहरात तिथल्याच एका अमेरिकास्थित अभियंत्याने आपल्या मूळच्या व्हिएतनामी जोडीदाराशी घरच्यांच्या आणि मित्रांच्या साक्षीने विवाहसोहळा केला. वर्तमानपत्रांनी बातमी छापली, चर्चा झाली, टीकाही झाली. यवतमाळ आहे तिथेच आहे. असा मुलगा आपल्याही गल्लीत असतो. तो लातूरला नीटच्या क्लाससाठी खोली करून राहतो, नांदेडच्या मेसमध्ये जेवतो, सोयाबीनच्या सुगीला घरी येतो आणि विषय निघाला की गप्प बसतो.

आता चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाशी बोलतो, बाकीच्यांनी ऐकावे.

बाळा, तुला गोळी लागत नाही. तुला झोप लागत आहे. झोप गेलेली असेल, भूक गेलेली असेल, अभ्यासात मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चालले असेल, तर त्यावर उपाय आहे आणि तो घ्यायचा. आवडण्यावर नाही, त्या भीतीवर. मित्राला सांगायचे की नाही हे तुझे तू ठरव, घाई कसलीही नाही. त्याचा नकार आला तरी तो तुझ्या किमतीचा निकाल नसतो. मुलींकडून नकार घेतलेल्या शेकडो मुलांना मी ओळखतो, सगळे जिवंत आहेत आणि बहुतेकांची पोटे सुटली आहेत. घरी आत्ताच सांगितले पाहिजे असेही नाही. आधी एक विश्वासाचा माणूस शोध. मावशी, मोठी बहीण, एखादे सर. मोबाईलवरच्या ओळखीला फोटो पाठवू नकोस आणि एकटा भेटायला जाऊ नकोस. अशी गोड ओळख करून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत. कोणी धमकी दिली तर पैसे न देता पोलिसांकडे जायचे, बातमी फुटण्याच्या भीतीवरच त्यांचा धंदा चालतो. आणि 'राहणार नाही' असे पुन्हा मनात आले तर त्याच क्षणी १४४१६ लाव. हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतून बोलता येते. नाव सांगावे लागत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ सुद्धा आहे. किशोरवयीनांसाठी शासनाची 'मैत्री' क्लिनिके आहेत, ग्रामीण रुग्णालयात चौकशी कर. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. माझ्याकडे यायचे तर बाजाराचा दिवस सोडून ये, गर्दी नसते. कंपाउंडरला कारण सांगू नकोस, डॉक्टरांना भेटायचे आहे एवढे म्हण. तुझ्या जिवाला धोका दिसला तर मी घरच्यांना बोलावीन, एरवी तुझे बोलणे माझ्या खोलीबाहेर जाणार नाही.

पालकांसाठी फार लांबवत नाही. मुलाच्या तोंडून असे काही आले, किंवा तुम्हाला कुठून कळले, तर पहिल्या दिवशी एवढेच करा. हात उचलू नका, देवाची शपथ घालू नका, त्याचा मोबाईल भावकीत फिरवू नका. ऐकून घ्या, काही सुचले नाही तर जेवायला बसवा. एकटा राहू लागला, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, निरवानिरवीचे बोलू लागला तर उशीर न करता डॉक्टरकडे आणा. आणि शेतीच्या घरात एक गोष्ट आजच करा. फवारणीचे औषध, उंदराचे औषध कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. अविचार पुष्कळदा काही मिनिटांचा असतो. तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसेल तर जीव वाचतो. हे मी या विषयापुरते सांगत नाही, पण या विषयात ते फार महत्त्वाचे आहे.

वर सांगितलेले ते शेतकरी गृहस्थ मुलासोबत तीनदा आले. पहिल्या खेपेला त्यांनी विचारले, हे माझ्या रक्तातून आले का? मी जनुकांचे सांगितले तेवढे सांगितले. दोष कोणाचा नाही, म्हणालो. दुसऱ्या खेपेला विचारले, त्याला म्हातारपणी कोण बघेल? हा प्रश्न खरा आहे. मी त्यांना त्यांच्याच गावातले लेकी-सुना असून एकटे पडलेले म्हातारे आठवायला सांगितले, आणि मुलाला शिकू द्या, कमावू द्या, भावंडांशी तोडू नका म्हणालो. पुड्या आणि ताईत तोवर बंद झाले होते, पोराच्या चेहऱ्याची सूज उतरली होती. तिसऱ्या खेपेला पोराला बाहेर बाकावर बसवून ते एकटे आत आले. "दिवाळी झाली की स्थळं येतेत साहेब. पाहुण्याला काय सांगू?"

"शिकतोय म्हणा," मी म्हणालो. पोरगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता.